कागद कुठी ठेवू, भाऊ?

माझ्या दुकानात झेरॉक्स मशीनच्या खाली एक टिनाची पेटी आहे. आईच्या लग्नातली. तिच्या झाकणावर दोन मोर रंगवलेले होते, त्यातल्या एकाची आता फक्त मान उरली आहे. या पेटीत आजच्या तारखेला 39 घरांची कागदं आहेत. ‘घरांची’ हे मी सवयीनं म्हणतो. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना घरच नाही, म्हणून तर कागदं माझ्याकडे आहेत.

दुकान यवतमाळ जिल्ह्यात, नागपूर-तुळजापूर रस्त्याच्या कडेला. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म. उन्हाळ्यात बायको बाजूला थंड पाण्याच्या बाटल्या ठेवते, खरी कमाई त्यातच होते. मी समाजसेवक वगैरे नाही. दहा रुपयांचं काम असेल तर दहा रुपये घेतो. नसतील तर वहीत लिहितो, आणि ती वही बायकोला दाखवत नाही.

पेटीची गोष्ट 2018 च्या पावसाळ्यातली. आमच्या गावाबाहेर जिनिंगच्या मागं ई-क्लासची, म्हणजे सरकारी चराईची, जमीन आहे, तिथं दरवर्षी पालं पडतात. कोणी चाकू-इळ्यांना धार लावणारे, कोणी प्लास्टिकची फुलं विकणारे, कोणी दिवाळीनंतर कापूस वेचायला आलेले आणि मग इथंच राहून गेलेले. एक दिवस दुपारी त्यातली एक बाई दुकानात आली आणि काउंटरवर दुधाची रिकामी पिशवी ठेवली. आत एक ओला गोळा होता. कणकेसारखा.

“भाऊ, हे उकलून दे.”

मी पंख्याखाली बसून पिनेनं एकेक पदर सोडवला. रेशन कार्ड, तीन आधार, आणि पोराची शाळेची टीसी. आधार लॅमिनेशनचे होते म्हणून वाचले. रेशन कार्डाची दोन पानं एकमेकांत शिरली होती. टीसीवरची शाई तर अशी पसरली होती की जन्मतारखेच्या जागी निळा ढग. मी तेव्हा जे बोललो त्याची आजही लाज वाटते. म्हणालो, “बाई, कागद नीट ठेवायला काय होते तुम्हाले?”

ती रागावली नाही. खरंच विचारायचं म्हणून विचारलं तिनं, “कुठी ठेवू, भाऊ? तू सांग.”

मग तिनंच एकेक करून सांगितलं. चुंगडीत, म्हणजे पोत्यात, ठेवले तर उंदीर. पालाच्या बांबूला बांधले तर पावसाचं पाणी बांबूवरूनच उतरतं. उशाशी घेतले तर रात्री खालून ओल. कमरेला बांधून वावरात गेली तर घामानं गेले. गावात कोणाकडे ठेवले होते एकदा, त्या माणसाशी नवऱ्याचं पैशावरून वाजलं, मग त्यानं चार महिने दिलेच नाहीत. मी निरुत्तर. माझ्या मागं भिंतीवर लग्नपत्रिकांच्या नमुन्यांची रॅक होती, प्रत्येक पत्रिका प्लास्टिकच्या कव्हरात, नंबर लावून ठेवलेली.

त्या रात्री मला परळ आठवलं. 2011 मध्ये बाबांच्या तोंडात गाठ निघाली. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी. आमच्याकडे हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्यांना मुंबईला परळच्या कॅन्सरच्या दवाखान्यात नेलं. गावी चार एकर वावर, तीन खोल्यांचं कवेलूचं घर, दारात कडुनिंब. आणि मुंबईत आम्ही दोघं बापलेक अकरा दिवस फुटपाथवर. आमच्यासारखे तिथं देशभरातले लोक होते, दवाखाना तरी किती जणांना पुरणार. पाऊस यायचा तेव्हा मी बाबांवर ताडपत्री धरायचो आणि बाबा स्वतः फाईलवर ओणवे व्हायचे. अंगावर पाऊस चालत होता, फाईलवर नाही. फाईल गेली तर तपासण्या पुन्हा, नंबर पुन्हा, सगळं पहिल्यापासून. अकरा रात्री ती फाईल बाबांची उशी होती.

मग दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. पेशंट आणि नातेवाइकांसाठी आहे ती, अगदी कमी पैशात. खाटेवर बसल्याबसल्या बाबांनी पाणी मागितलं नाही, पाय लांब केले नाहीत. म्हणाले, “पयले फाईल खुंटीले लाव.” खुंटी होती तिथं. इतके दिवस आम्हाला ती एक गोष्ट कुठंच मिळाली नव्हती.

गाडगेबाबा आमच्या बाजूचे, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. 1876 चा जन्म. पंढरपूर, नाशिक, आळंदी, ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या आणि स्वतःजवळ ठेवलं काय, तर काठी अन् खापर. 20 डिसेंबरला त्यांच्या पुण्यतिथीला आमच्या गावात भंडारा होतो, मीही वाढायला असतो. त्यांची ती यादी भिंतीवर रंगवलेली असते: भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, पुढे बेघरांना आसरा. आम्ही पहिल्या दोन ओळींपाशी पंगत उठवून घरी येतो. जेवण देणं सोपं असतं, एका दिवसात होतं, फोटोही चांगला येतो. आणि खरं सांगायचं तर आमच्या भागात कार्तिकापासून चैत्रापर्यंत कुठं ना कुठं भंडारा असतोच, त्या दिवसांत पोटाला मिळतं. अवघड असतो तो आषाढ-श्रावण. निंदणाचं काम पावसानं बंद, किराणावाल्याची उधारी वर आलेली, आणि भंडारे नेमके तेव्हा नसतात.

तर दुसऱ्या दिवशी त्या बाईला निरोप पाठवला. प्लास्टिकचं फोल्डर दिलं, वर मार्करनं नंबर टाकला: 1. कागदं आईच्या पेटीत. पेटीतली आईची जरीची साडी बायकोनं कपाटात हलवली, जरा कुरकुर करूनच.

आठ दिवसांत सात फोल्डर झाले.

इथं एक सांगायला पाहिजे, कारण हे वाचून कोणी उद्या पेटी उघडून बसेल. दुसऱ्याची कागदं आपल्याकडे ठेवणं ही साधी गोष्ट नाही. खेड्यात कागद गहाण ठेवून घेणारे लोक असतात. रेशन कार्ड दाबून ठेवतात, एटीएम पिनसकट घेतात. सुरुवातीला माझ्यावरही तोच संशय आला, आणि ज्यांना आला त्यांचं काही चुकलं नाही. म्हणून रजिस्टर केलं. काय ठेवलं ते लिहायचं, वाचून दाखवायचं, अंगठा किंवा सही घ्यायची. एटीएम ठेवत नाही, सही केलेली विड्रॉलची पावती तर हातातही घेत नाही. आणि मागायला आला की का पाहिजे असं विचारायचं नाही, रात्री नऊला आला तरी. एकदा एक जण पिऊन आला आणि आधार मागून गेला. दिला. सकाळी त्याची बायको परत ठेवून गेली.

कागदांचं एवढं काय, असं शहरातल्या एका मित्रानं विचारलं. त्याला वाटलं, भूक आणि निवारा यांच्यापुढं कागद म्हणजे लाड. पण आमच्याकडे निवाऱ्याची वाट कागदातूनच जाते. अंत्योदय कार्डावर घराला महिन्याला 35 किलो धान्य, प्राधान्य कार्डावर माणशी 5 किलो. कार्ड गेलं की धान्य गेलं. निराधार योजनेचे महिन्याला 1,500 रुपये मिळतात, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 21 हजारांच्या आत पाहिजे. मी एकदा कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. 21 हजार भागिले 365, दिवसाला साडेसत्तावन्न रुपये. आमच्याकडे कापूस वेचायचे किलोला दहा रुपयांच्या आसपास मिळतात. म्हणजे बाईनं रोज सहा किलो वेचला की ती कागदावर निराधार राहत नाही. सहा किलो तर सातवीतली पोर शाळेतून येऊन वेचते. तरी दाखले निघतात, कारण काढणारा अन् देणारा दोघंही कॅल्क्युलेटर लावत नाहीत. ही त्यातल्या त्यात माणुसकीच म्हणायची.

आणि जातीचा दाखला! भटक्या-विमुक्तांना जातीच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा राहण्याचा पुरावा मागतात. ज्यांचे आजे-पणजे गाढवावर पाल लादून गावोगाव फिरत होते, त्यांनी 1961 मध्ये आपण कुठं राहत होतो ते दाखवायचं. धार लावणाऱ्या एका म्हाताऱ्यानं मला शांतपणे सांगितलं, “त्या साली आमी रस्त्यावर होतो. रस्त्याचा सातबारा भेटते का, पाय.”

आता कागदाच्या जोडीला मोबाईल नंबर आला आहे. आधारला नंबर जोडलेला पाहिजे, नंबरवर ओटीपी येतो. तीन महिने सिम बंद पडून राहिलं की कंपनी तो नंबर बंद करते आणि पुढं दुसऱ्याला देऊन टाकते. पालावरच्या माणसाचा फोन कधी पावसात जातो, कधी रिचार्जला पैसे नसतात, आणि मग त्याचा ओटीपी कोणत्या तरी पुण्यातल्या पोराच्या खिशात वाजतो. म्हणून मी दुकानाबाहेर आठ पिनांचा बोर्ड लावला, फोन चार्ज करायला. पैसे घेत नाही. मी केलेल्या सगळ्या गोष्टींत सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट कोणती म्हणाल, तर तो बोर्ड. संध्याकाळी तिथं आठ फोन आणि आठ फोनांचे मालक उकिडवे बसलेले असतात, आणि काम कुठं निघालं आहे, कोणत्या वावरात वेचणी सुरू आहे याची सगळी बातमी तिथंच फिरते.

माझ्या हातून झालेली चूकही लिहितो. गावातलीच एक आजी, नवरा नाही, मुलगा सुरतेकडे गेला तो गेलाच. मारुतीच्या देवळामागं कुडाच्या खोलीत राहायची, खोली दुसऱ्याची. तिला श्रावणबाळ योजनेचे, म्हणजे म्हाताऱ्यांच्या पेन्शनचे, पैसे मिळायचे. आधी तहसीलमधून बँकेत यादी जायची, नंतर पैसे थेट आधारला जोडलेल्या खात्यात यायला लागले. आणि आजीचे बंद झाले. दर महिन्याला ती पासबुक घेऊन यायची, मी बँकेतून एंट्री मारून आणायचो आणि सांगायचो, “नाही आले आजी, पुढच्या महिन्यात येतील.” पाच महिने. सहाव्या महिन्यात मला सुचलं की आधार कोणत्या खात्याला जोडलं आहे ते तरी पाहावं. पाहायला ओटीपी लागतो, आजीचा नंबर बंद. तो सुरू करण्यात पंधरा दिवस गेले. मग कळलं, काही वर्षांपूर्वी गावात शिबिर झालं होतं, तिथं अंगठे घेऊन लोकांची खाती काढली होती, दुसऱ्याच बँकेत. आधार तिथं जोडलं गेलेलं. आजीला त्या खात्याचा पत्ताच नाही. पैसे तिथं दर महिन्याला जमा होत होते, पाच महिन्यांचे मिळून साडेसात हजार.

मी मोठ्या आनंदानं सांगायला गेलो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हंजे पैसे होते. तुले समजत नव्हतं त सांगाचं होतं ना, मी दुसऱ्याले इचारलं असतं. पाच महिने म्या तुह्या तोंडाकडं पाहून उधारी केली.”

त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून पैसे अडकले म्हणून कोणी आलं की मी पासबुकाआधी आधार पाहतो. आणि माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणतो. दुकानदाराला हे म्हणायला फार जड जातं.

थंडीचं सांगतो. विदर्भ म्हटलं की बाहेरच्या माणसाला फक्त ऊन आठवतं. डिसेंबरात इथं रात्री पारा दहाच्या खाली जातो, आणि उघड्या माळावर तर वारा. आमच्या मित्रमंडळानं एका वर्षी वर्गणी काढून ब्लँकेटं वाटली. स्टँडवर, पालांवर. हार, फोटो, सगळं. आठ दिवसांनी मी फोल्डर नंबर 1 वालीच्या पालावर गेलो, तर ब्लँकेट बकरीवर. मला राग आला. ती म्हणाली, “थंडी वरून नाई येत, भाऊ. खालून येते. वरून घ्याले गोदडी हाये माह्याजवळ.” आणि जमिनीला हात लावून पाहायला सांगितलं. लावला. ओली, गार, जणू विहिरीची कड.

दुसऱ्या वर्षी ब्लँकेटं बंद. जाड ताडपत्री, माणशी नाही, पालाला एक. आणि रिकाम्या चुंगड्या, त्यांत कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, दाबून भरायचं आणि तोंड शिवायचं. कुटार आमच्याच गावातल्या कास्तकारांनी दिलं, सोयाबीनचं टोचतं म्हणून तुरीचं. खाली ताडपत्री, वर कुटाराची चुंगडी, वर गोदडी. मंडळातले दोघं नाराज झाले, चुंगडीचा फोटो काय काढायचा म्हणे.

विचारून दिलं की यादी भलतीच निघते. एका म्हाताऱ्याला सुईत दोरा ओवता येईल असा चष्मा पाहिजे होता, गोदड्या शिवून चार पैसे मिळतात त्याला. एका बाईला झाकणाचा गंज, म्हणजे पातेलं, कारण कुत्रं भात खातं. पोरींना आंघोळीला आडोसा, म्हणजे चार बांबू आणि जुन्या फ्लेक्सचे तुकडे. निवडणुकीनंतर फ्लेक्स भरपूर मिळतात. सगळ्या पक्षांचे पुढारी आमच्या पालांवर आडोशाला उभे आहेत, तोंडं बाहेरच्या बाजूला केली आहेत.

पण गेल्या दोन वर्षांत माझ्या पेटीत ज्यांची फोल्डरं वाढली, ते पालावरचे नाहीत, गावातलेच आहेत. घरकुलवाले. प्रधानमंत्री आवासमध्ये 1 लाख 20 हजार मिळतात, शिवाय रोहयोतून 90 दिवसांची मजुरी आणि संडासाचे 12 हजार. घर किमान 269 चौरस फुटांचं. योजना वाईट नाही, आमच्या गावात कुडाच्या जागी विटांची घरं उभी राहिली ती मी डोळ्यांनी पाहिली आहेत. अडचण मधल्या दिवसांची आहे. बहुतेकांकडे जागा एकच, जिथं कुडाचं घर उभं आहे तीच. म्हणजे नवं बांधायला जुनं पाडायचं. पाडलं की जोतं, जोत्याचा फोटो, फोटो वर चढला की पुढचा हप्ता. मिस्त्री मिळत नाही, रेती मिळत नाही, हप्ता अडकतो. आणि तोवर मृग. लोक घर पाडतात एप्रिलात आणि जूनमध्ये शाळेच्या व्हरांड्यात झोपलेले असतात, बाजूला देवाचे फोटो, कोंबड्या, तांदळाची चुंगडी. 26 जूनच्या आसपास आमच्या शाळा उघडतात. मग तिथूनही उठायचं. यादीत त्यांचं नाव ‘लाभार्थी’ असतं. त्यांना बेघर कोण म्हणणार?

यांच्यासाठी आम्ही काही मोठं करू शकलो नाही. सहा बांबू, तुराट्यांचे ताटवे, वर ताडपत्री, असे चार सांगाडे बनवून ठेवले आहेत. ज्याचं घर पाडलं त्यानं न्यायचा, छत पडलं की परत आणून द्यायचा. एक परत आला नाही, त्यात आता कोणाची तरी गाय बांधलेली आहे. ताडपत्री तिसऱ्या पावसाळ्यात चाळणी होते. ती नवी घ्यायला यंदा पैसे जमलेले नाहीत, हेही खरं.

आणि फोल्डर नंबर 1? त्या बाईचं घरकुल झालं. पालातून निघून, गावाच्या कडेला जागा मिळवून, सगळी रडकथा पार पाडून. यंदा दिवाळीच्या आधी ती नवऱ्याला घेऊन दुकानात आली. कागदं न्यायला. मी पेटीतून फोल्डर काढलं, रजिस्टर काढलं, सात वर्षांच्या नोंदी वाचून दाखवल्या, अंगठा घेतला. त्या ओळीवर लाल पेनानं काट मारली. बायकोनं चहा केला. मला आतून जरा मोठं झाल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

नवव्या दिवशी बाई परत. तेच फोल्डर काउंटरवर.

“काहून व? काय झालं?”

“दार नाई लागलं अजून. दाराचे पैसे सरले. रात्री घूस आली होती घरात.” मग पेटीकडे बोट दाखवून, “त्याच नंबरावर ठेव. एक नंबर कोणाले देल्ला त नाई ना?”

दिला नव्हता. लाल काट मारली होती तिच्या खाली नवी ओळ लिहिली आणि पॅड पुढं सरकवलं.